गाडी थांबायची कुठे?

मॉडेल रेल्वेचा ट्रॅक प्लॅन काढ म्हणून कोणाच्याही हातात कागद-पेन्सिल द्या, तो आधी एक लंबगोल काढणार. मग त्याला वाटतं हे फारच साधं झालं, म्हणून आत दुसरा लंबगोल, मग दोघांना जोडणारे सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे जोड, मग कोपऱ्यात डोंगर, डोंगरात बोगदा आणि उरलेल्या जागेत बसतील तेवढी सायडिंग, म्हणजे डबे उभे करायच्या आखूड लाइनी. कागद भरतो आणि गाडी बिचारी फिरत राहते. आपल्याकडे बहुतेकांनी मॉडेल रेल्वे पाहिलेली असते ती कोथरूडच्या जोशी रेल्वे म्युझियममध्ये, त्यामुळे घरचा लेआउट म्हणजे तेच जरा छोटं करायचं असा समज असतो. तसं नसतं हो. म्युझियममध्ये माणूस येतो, शो बघतो, खूश होतो, घरी जातो, तिथे एकाच वेळी खूप काही हलत राहणं हेच बरोबर आहे. घरी बघणारा मीच, चालवणारा मीच, आणि तीच गाडी त्याच गोलात माणूस किती वेळ बघेल याला काही लिमिट आहे की नाही!

हिशोबच करून बघा ना. माझं मॉडेल एचओ स्केलचं, म्हणजे १:८७, खऱ्याच्या सत्याऐंशीव्या भागाएवढं. ताशी १०० किलोमीटरनं जाणारी गाडी या मापात सेकंदाला ३२ सेंटीमीटर जाते. माझी डोंबिवलीतली खोली १० बाय ११ फूट, भिंतींच्या कडेकडेनं रूळ फिरवले तर पूर्ण फेरा भरतो साधारण पावणेअकरा मीटर. म्हणजे कोकणकन्या एकदा सोडली की अर्ध्या मिनिटात जग फिरून परत कपाटापाशी हजर. हा आकडा कागदावर मांडला आणि मग माझं प्लॅनकडे बघणंच बदललं. गाडी धावणार कुठे हे नंतर बघू, आधी ती थांबणार कुठे, कशासाठी आणि कोणासाठी, ते ठरवायचं.

आणि थांबण्याच्या बाबतीत कोकण रेल्वेचा हात कोण धरणार? रोह्यापासून ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर, २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला आणि तेव्हा अख्खा एकेरी. रोहा-वीर तुकडा दुहेरी झाला तो २०२१ मध्ये, बाकी जवळपास सगळीकडे अजून समोरून गाडी आली की कोणीतरी एकानं बाजूला व्हायचं. आम्ही राजापूरकडचे, त्यामुळे दिवा-सावंतवाडी पॅसेंजर हे आमच्या मे महिन्याचं मुख्य वाहन, आणि तिच्याइतकं बाजूला व्हायचा अनुभव भारतात फार कमी गाड्यांना असेल. गाडी हळू होते, खडखड करत सांध्यावरून लूपमध्ये, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, शिरते, थांबते, आणि मग ती शांतता. पंखे तेवढे फिरतायत. कोणीतरी खिडकीतनं डोकं काढून विचारतं, "क्रॉसिंग का?" कोणालाच नक्की माहीत नसतं पण सगळे हो म्हणतात. पाच मिनिटांनी पोरं खाली खडीवर उतरतात, दहा मिनिटांनी बाप्ये उतरतात, कोणीतरी करवंदं विकायला येतं. मग स्टेशनवरचा माणूस हिरवा झेंडा घेऊन त्या बाजूला जाऊन उभा राहतो, सगळे धावत परत चढतात, आणि पलीकडच्या मेन लाइनवरून एखादी राजधानी धूळ उडवत अशी निघून जाते की आपण इथे होतो हे तिच्या गावीही नाही.

मला माझ्या खोलीत एवढंच हवंय. एक गाडी उभी, दुसरी न थांबता थ्रू. बाकी सगळा प्लॅन या एका गोष्टीच्या सोयीसाठी.

अमेरिकेत जॉन आर्मस्ट्राँग नावाचा प्लॅन काढणारा एक दादा माणूस होऊन गेला. त्याची पद्धत अशी की रूळ काढायच्या आधी दोन याद्या करायच्या. एकीत बदलता न येणाऱ्या गोष्टी : खोली, दार, खिडकी, बीम, घरातली माणसं. दुसरीत आपल्याला काय काय आवडेल ते. आणि मग खोली फुटात मोजायची नाही, चौकोनांत मोजायची, एका चौकोनाची बाजू म्हणजे तुमच्या वळणाची त्रिज्या अधिक दोन रुळांमधल्या अंतराची दुप्पट. मी त्रिज्या धरली ७५ सेंटीमीटर, रुळांमधलं अंतर ५, म्हणजे चौकोन झाला ८५ चा. माझ्या खोलीत असे साडेतीन बाय जवळजवळ चार चौकोन बसतात. गाडी उलटी वळवायला आडवे दोन चौकोन जातात. म्हणजे खोलीच्या मधोमध द्वीपकल्पासारखं काही काढायचा विचार इथेच संपला, सॉफ्टवेअर उघडायच्याही आधी. हे मला फार आवडतं, पाच मिनिटांत माणसाला जागा दाखवणारी पद्धत आहे.

आता ७५ ची त्रिज्या का? तर डब्यामुळे. आपला जुना आयसीएफ, म्हणजे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा, डबा बफरपासून बफरपर्यंत २२.३ मीटर, एचओमध्ये साडेपंचवीस सेंटीमीटरच्या वर. जाणकारांचा ठोकताळा असा की सगळ्यात लांब डब्याच्या दुप्पट त्रिज्या घेतली तर काही गाड्या कशाबशा वळतात, अडीचपट घेतली तर बहुतेक नीट वळतात, तिप्पट घेतली तर आतल्या बाजूनं बघताना डोळ्याला बऱ्या दिसतात. तिप्पट म्हणजे ७७. मी ७५ वर तडजोड केली कारण पुढे कपाट आहे आणि कपाट पहिल्या यादीत आहे.

पण खऱ्या रेल्वेच्या हिशोबात ही त्रिज्या किती? ७५ गुणिले ८७, म्हणजे ६५ मीटर. कोकण रेल्वे बांधताना सगळ्यात कमी त्रिज्या ठेवली होती १२५० मीटर, ती एचओमध्ये काढायची तर १४ मीटरच्या वर जाते, म्हणजे आमच्या बिल्डिंगचा जिना आणि शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर लागेल. बरं तेवढं लांब कशाला जायचं, भारतीय ब्रॉडगेजवर जास्तीत जास्त १० अंशाचं वळण चालतं, म्हणजे १७५ मीटर त्रिज्या, तेसुद्धा इथे दोन मीटर होतं. अख्खं अर्धवर्तुळ काढायला चार मीटर रुंद खोली हवी. थोडक्यात काय, भारतात कायद्यानं बसणारं एकही ब्रॉडगेजचं वळण माझ्या खोलीत बसत नाही. प्रत्येक घरगुती लेआउट हा सेफ्टी कमिशनरनं बघितल्या बघितल्या बंद करावा असाच असतो, त्यामुळे ती खंत सोडून द्यायची आणि वळण दिसणार कसं नाही ते बघायचं.

गेजचंही तसंच. एचओचे रूळ १६.५ मिलिमीटरचे, ते परदेशातल्या १४३५ च्या स्टँडर्ड गेजवरून आलेत. आपलं ब्रॉडगेज १६७६, ते १:८७ मध्ये १९.२६ व्हायला पाहिजे. म्हणजे भारतीय डबा एचओच्या रुळांवर ठेवला की खालची चाकं पावणेतीन मिलिमीटरनं जवळ आलेली. समोरून बघितलं तर डबा किंचित पाय जुळवून उभा राहिल्यासारखा वाटतो. काही लोक स्वतः १९.२६ चे रूळ बनवायचा विचार करतात, त्यांना माझा नमस्कार, पण मग प्रत्येक सांधा हातानं बनवायचा आणि प्रत्येक डब्याचे अॅक्सल बदलायचे. मी बाजूनं बघणार आहे. बाजूनं गेज दिसत नाही.

सांध्यांचं मात्र जरा वाईट वाटतं. आपल्याकडे पॅसेंजर गाड्यांच्या लाइनवर १ इन १२ चे सांधे असतात, यार्डात १ इन साडेआठ. म्हणजे बारा पुढे गेल्यावर एक बाजूला, अगदी अलगद. मी घेतलेले पेको कंपनीचे लार्ज रेडियस सांधे १२ अंशाचे आहेत, म्हणजे साधारण पावणेपाचला एक. लार्ज म्हणतात पण पॅसेंजर लूपमध्ये शिरताना जे लांबलचक सरकणं असतं ते नाही येत, हा सांधा गाडीला सरळ कोपरानं ढकलतो. तरी लहान सांध्यापेक्षा बरं. जागा वाचवायला लोक पहिल्यांदा सांधेच छोटे घेतात आणि माझ्या मते तिथेच घाण होते, डबे कमी करा, सायडिंग कमी करा, पण मेन लाइनचा सांधा मोठा घ्या.

आता पुठ्ठ्याचा डबा. हे प्रत्येकानं करावं, फुकट आहे. आयसीएफ डब्याची बॉडी २१.३ मीटर लांब, सव्वातीन मीटर रुंद, आणि दोन बोगींच्या (म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यांच्या) मध्यांमधलं अंतर १४.८ मीटर. त्याचा एचओत जाड पुठ्ठा कापायचा : साडेचोवीस सेंटीमीटर लांब, ३७ मिलिमीटर रुंद. मधून रेघ मारायची, त्या रेघेवर एकमेकांपासून १७ सेंटीमीटरवर दोन भोकं पाडायची आणि त्यातनं पेन्सिलीची टोकं घालून ती कागदावर काढलेल्या वळणावरून सरकवायची. बघा काय होतं. मधला भाग वळणाच्या आत सरकतो जवळजवळ ५ मिलिमीटर, दोन्ही टोकं बाहेर जातात ५ मिलिमीटर. आता शेजारच्या रुळावर दुसरा पुठ्ठा ठेवा. सरळ लाइनवर दोन डब्यांत १३ मिलिमीटरची फट होती, वळणावर बाहेरच्या डब्याचं पोट आत आलं आणि आतल्या डब्याचं टोक बाहेर आलं, फट उरली ३ मिलिमीटर. जरा रूळ पोटात गेला, जरा खिळा ढिला झाला, की राजधानी पॅसेंजरला घासून जाणार. म्हणून सरळ भागात ५० मिलिमीटर अंतर ठेवलं तरी वळणावर मी ५८ केलंय. सॉफ्टवेअर हे दाखवतं, अॅनीरेल, स्कार्म, एक्सट्रॅककॅड, सगळी चांगली आहेत, अॅनीरेल तर ५० तुकड्यांपर्यंत पैसेही मागत नाही, पण स्क्रीनवरचे तीन मिलिमीटर आणि पुठ्ठ्याखाली बोट घालून बघितलेले तीन मिलिमीटर यात फरक आहे राव.

लूपची लांबी ही सगळ्यात मोठी मारामारी. खऱ्या स्टेशनवर मालगाडी मावायला लूप ६८६ मीटरचा लागतो, तो इथे होतो जवळजवळ आठ मीटर, विसरून जा. माझी लांब भिंत ११ फूट, म्हणजे ३.३५ मीटर. दोन्ही बाजूंनी रूळ भिंतीपासून १० सेंटीमीटर आत, दोन्ही कोपऱ्यांत ७५-७५ वळणाला गेले, उरलं १.६५ सरळ. त्यातून दोन सांधे आणि सांध्यानंतर रूळ एकमेकांपासून पुरेसे लांब होईपर्यंतची जागा वजा करा, साधारण ९० सेंटीमीटर गेले. उरतं काय तर इंजिन आणि दोन डबे. दोन डब्यांची दिवा-सावंतवाडी म्हणजे चेष्टाच. मग उत्तर असं निघालं की स्टेशन सरळच असलं पाहिजे असं कोणी सांगितलंय? लूप आणि मेन दोन्ही कोपऱ्यातून वळवून पुढच्या भिंतीवर न्यायचे, त्या पाव वर्तुळाची लांबी ११८ सेंटीमीटर फुकटात मिळते. आता लूपमध्ये १.९० मीटर मोकळे आहेत आणि इंजिन अधिक सहा डबे, पावणेदोन मीटरची गाडी, बिनघोर उभी राहते. फलाटही वळणावर. वरून बघितलं तर जरा विचित्र वाटतं, पण मी गाडी बघणार उभ्या माणसाच्या नजरेच्या जरा खालून, आणि वळणावर उभी असलेली सहा डब्यांची गाडी कधीच पूर्ण एका नजरेत येत नाही. शेवटचे डबे अंदाजानंच मोजावे लागतात, सहाचे दहा वाटतात. हे तर बोनसच झालं.

एक गोष्ट मात्र पाळली. सांध्यानंतर लगेच उलटं वळण येऊ द्यायचं नाही. उजवीकडे वळून गाडी लगेच डावीकडे वळली की एका डब्याचं टोक एकीकडे बाहेर आणि पुढच्याचं दुसरीकडे, मधला कपलर आडवा खेचला जातो आणि डबा उतरतो, तोही नेहमी पाहुणे आल्यावर. दोन उलट्या वळणांच्या मध्ये किमान एका डब्याएवढा सरळ तुकडा हवाच.

मग प्रश्न येतो, गाडी येते कुठून आणि जाते कुठे. लंबगोलवाल्यांना हा प्रश्न पडतच नाही. माझ्याकडे समोरच्या भिंतीला, पुस्तकांच्या मागे, तीन लाइनी आहेत, तिथे गाड्या उभ्या असतात आणि तो भाग जगात नाही असं आम्ही घरात ठरवलंय. त्याला फिडल यार्ड म्हणतात. पाच लाइनी हव्या होत्या पण सांध्यांची शिडी दोन्ही टोकांना इतकी लांबी खाते की पाचवी लाइन दीड डब्याची उरत होती. स्टेशनच्या एका टोकाकडून निघालेला रूळ भिंतीभिंतीनं मागे जातो आणि दुसऱ्या टोकाकडून निघालेला दुसऱ्या बाजूनं तिथेच येतो. म्हणजे शेवटी गोलच की, म्हणाल. हो, गोलच. पण यात एक छान गोष्ट आहे. मडगावकडे जाणारी कोकणकन्या स्टेशनातून गेली, मागे जाऊन आपल्या लाइनवर उभी राहिली, की तिचं तोंड बरोबर त्याच दिशेला असतं, आणि पुढच्या वेळी ती मुंबईकडूनच येते. मुंबईला जाणारी कोकणकन्या हा वेगळा रेक, म्हणजे डब्यांचा वेगळा संच, खऱ्यासारखाच. इंजिन फिरवायची भानगड नाही, डबे उलटे लावायचे नाहीत.

नाहीतर लोक रिव्हर्सिंग लूप काढतात. कागदावर फार सुंदर दिसतो, गाडी जाते आणि वळून त्याच रुळावर परत येते. पण दोन रुळांवर डीसी करंट असतो, एक रूळ प्लस, एक मायनस, आणि लूप फिरून आला की उजवा रूळ डाव्याला येऊन मिळतो, म्हणजे सरळ शॉर्ट. मग तो तुकडा दोन्हीकडून तोडायचा, वेगळा स्विच लावायचा, गाडी आत असताना पोलॅरिटी उलटायची. मार्क्लिन कंपनीच्या गाड्या चालवणाऱ्यांना हा त्रास नाही, त्यांच्याकडे मध्ये तिसरा कंडक्टर असतो आणि दोन्ही रूळ एकच. आमच्याकडे आहे. आणि एवढं करून ती गाडी मुंबईला जाणार म्हणून निघते आणि दहा सेकंदांत मुंबईहूनच परत येते, याला काही अर्थ आहे का?

कोकणच निवडल्याचा खरा फायदा मात्र बोगद्यात आहे. फिडल यार्ड लपवायला सगळेच लेआउटवाले बोगदा काढतात, सपाट मैदानात डोंगर उभा करतात, त्यातून रूळ आत, आणि बघणाऱ्यानं न हसता बघायचं. कोकण रेल्वेवर नव्वदच्या वर बोगदे आहेत. स्टेशन सुटलं की जांभ्याचं कटिंग आणि कटिंग संपलं की बोगदा, हे तिथे रोजचंच आहे. त्यामुळे माझ्या स्टेशनच्या दोन्ही टोकांना बोगदा असणं यात काहीही खोटं नाही. शिवाय करबुडेचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, एचओमध्ये ७५ मीटर, ३२ सेंटीमीटरच्या वेगानं जवळजवळ चार मिनिटं. तेव्हा गाडी पुस्तकांमागे चार मिनिटं उभी राहिली तर ती थांबलेली नाहीये, ती करबुडेत आहे. फक्त बोगद्यात सांधा ठेवायचा नाही आणि हात पोचणार नाही एवढं आत काहीही न्यायचं नाही. साठ-सत्तर सेंटीमीटरच्या पुढे हात नीट काम करत नाही, नुसता चाचपडतो.

"पानवलचा पूल कुठाय?" बाबांनी प्लॅन बघितल्या बघितल्या विचारलं.

"नाहीये बाबा."

"अरे, कोकण रेल्वे काढतोस आणि पानवलचा पूल नाही?"

बाबांचं चूक नाही. रत्नागिरीजवळचा तो पूल ६४ मीटर उंच, ४२४ मीटर लांब, खिडकीतून खाली बघितलं की पोटात गोळा येतो. पण एचओमध्ये तो जवळजवळ ७४ सेंटीमीटर उंच आणि पावणेपाच मीटरपेक्षा लांब होतो. उंची एक वेळ जमवता आली असती, टेबल १२० वर ठेवून नदी गुडघ्याखाली न्यायची, पण लांबी माझ्या सगळ्यात मोठ्या भिंतीपेक्षा दीड मीटर जास्त. चार खांबांचा छोटा पूल करून त्याला पानवल म्हणणं मला जमणार नाही. त्याऐवजी एक मोरी आहे, तीन फुटी पावसाळी वहाळावर, तशा मोऱ्या तिथे पावलोपावली आहेत आणि कोणी त्यांचे फोटो काढत नाही. बाबा अजून नाराज आहेत.

काळ ठरवणंही प्लॅनचाच भाग आहे, हे आधी माझ्या लक्षात नव्हतं आलं. २०२२ मध्ये कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पूर्ण झालं. आजची गाडी करायची तर मास्ट, म्हणजे तारांचे खांब, आले, तारा आल्या, आणि तारा आल्या की उतरलेला डबा उचलायला हात वरून जात नाही. शिवाय आताचे नवे एलएचबी डबे अजून लांब, म्हणजे वळणाचं गणित परत. मी २००५ च्या आसपास थांबलोय : डिझेल इंजिनं, निळे आयसीएफ डबे आणि रो-रो. रो-रो म्हणजे सपाट वाघिणींवर भरलेले ट्रक चढवून ट्रकसकट न्यायचे, कोकण रेल्वेनं १९९९ मध्ये सुरू केलं, कोलाड ते वेर्णा. ही गाडी माझ्या प्लॅनला देवानं दिल्यासारखी आहे. एक वाघीण एचओमध्ये १६-१७ सेंटीमीटर, इंजिनामागे नऊ वाघिणी लूपमध्ये बसतात, प्रत्येकीवर वेगळा ट्रक, वेगळा रंग, वेगळी ताडपत्री, आणि ही गाडी कुठेही तास तास उभी केली तरी खरी वाटते, कारण ड्रायव्हर लोक आपल्या केबिनमध्ये पाय वर करून झोपलेले असतात.

शंटिंगची खाज असतेच. ब्रिटनमधल्या अॅलन राइटनं एक फार हुशार प्लॅन काढलाय, इंगलनुक म्हणतात. दोन सांधे, तीन सायडिंग, एकीत पाच वाघिणी मावतात, बाकी दोनांत तीन-तीन, एकूण आठ वाघिणी, आणि चिठ्ठ्या काढून त्यातल्या पाच ठरलेल्या क्रमानं जोडायच्या. क्रमाचे ६७२० प्रकार होतात, एका फळीवर. ज्यांच्याकडे खोलीच नाही त्यांनी हेच करावं, मी मनापासून सांगतो, खिडकीच्या कठड्याएवढ्या जागेत आयुष्य जातं. माझ्या स्टेशनला मात्र मी एकच आखूड सायडिंग दिली, खडीच्या वाघिणी आणि कामगारांचा एक जुना कॅम्प कोच उभा करायला. कोकणातल्या छोट्या स्टेशनवर कोण कशाला मालाचं शंटिंग करतंय? तिथे गाड्या येतात, थांबतात, जातात.

आणि थांबण्याचेही नियम असतात, ते पाळले तर मजा दुप्पट. लूपच्या टोकाला चुकून पुढे गेलेली गाडी अडवायला वाळूची बंद लाइन नसेल आणि पुढे पुरेशी मोकळी जागा नसेल तर मास्तर दोन्हीकडून एकदम गाड्या आत घेऊ शकत नाही. एक आधी येणार, नीट उभी राहणार, तिचा सांधा बदलणार, मग दुसरीला होम, म्हणजे स्टेशनात शिरायचा सिग्नल, मिळणार. माझ्याकडे वाळूच्या लाइनीला जागा नाही, म्हणून मी हाच नियम लावलाय. त्यामुळे समोरची गाडी होमला उभी राहते, आणि माझा होम सिग्नल बोगद्याच्या तोंडाशी आहे, म्हणजे इंजिनाचं नाक तेवढं बाहेर आणि मागचे डबे अंधारात. भाचा आला की तो मास्तर होतो. पहिल्यांदा त्यानं दोन्ही गाड्या एकदम घ्यायचा हट्ट केला, मी नाही म्हटलं, मग त्यानं पॅसेंजर लूपला लावली, राजधानी थ्रू काढली, आणि लगेच पॅसेंजर सोडायच्या ऐवजी म्हणाला, "मामा, अजून एक येतेय मागनं." अशी मागनं येणारी त्याच्या डोक्यात कायम एक असतेच. पॅसेंजर पाऊण तास उभी होती. पोरगा तयार झालाय.

आता ब्राऊन पेपरवर पूर्ण आकारात सगळं काढून झालंय. पेको सांध्यांचे छापायचे नमुने फुकट देतं, ते कापून चिकटवलेत, वळणं प्रत्येकाच्या केंद्रात खिळा ठोकून सुतळीनं मारली आणि मग दोन्ही टोकांना हातानं जरा सैल केली, कारण सरळ रूळ एकदम ७५ च्या वळणात गेला की गाडी झटका खाते, खरे रूळही असे एकदम वळत नाहीत. बायको दोन दिवस त्या कागदाच्या कडेकडेनं चालली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "सगळं ठीक आहे, पण अरे, हे दार उघडायचं कसं?"

दारासमोर रूळ जातात, खरंय. ८० सेंटीमीटरचा काढता-घालता पूल लागणार. प्लायवूडचा केला तर आमच्या पावसाळ्यात तो फुगून दोन्हीकडून घट्ट बसेल, म्हणून ॲल्युमिनियमचं चॅनेल, एका टोकाला बिजागरी, दुसऱ्या टोकाला कडी, आणि कडी निघाली की दोन्हीकडच्या दीड-दीड मीटर रुळांचा करंट आपोआप बंद होईल असा स्विच, नाहीतर एखादी रो-रो थेट चपलांच्या स्टँडवर. बिजागरी रुळांच्या पातळीपेक्षा वर हवी, नाहीतर पूल उचलताना रुळांची टोकं एकमेकांत अडकतात, एवढं सुतारकाकांना चित्र काढून समजावलंय. ते सोमवारी येतो म्हणालेत. कुठल्या सोमवारी, ते नाही म्हणाले.